सहा ते साडेनऊची लाइन

त्र्यंबकमामा कधी कुणाची मदत मागत नाहीत. ते गच्चीचा दरवाजा उघडतात आणि जिन्यातून खाली हाक मारतात, "सावनी, वर ये. कोंजम काम आहे." कोंजम म्हणजे थोडंसं. या थोड्याशा कामानं माझे डिसेंबर-जानेवारीतले चार रविवार आणि भोगीची सुट्टी खाल्ली, आणि माझं अजून त्यांच्यावर चिडून झालेलं नाही.

मी सांगलीची. इथं तमिळ मुलखात, शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत नेटवर्क सपोर्टला आहे, म्हणजे दिवसभर लोकांच्या बंद पडलेल्या लाइनींच्या तक्रारी ऐकते. वेस्ट मांबलमचा हा फ्लॅट मी घेतला तो दलालानं 'ओनर मराठी आहे' असं सांगितलं म्हणून. ओनर मराठी निघाले, पण पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे; तेच हे त्र्यंबकमामा, माझ्या वरच्या मजल्यावर राहणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला "पाणी केव्हां येतें तें ठाऊक असों द्यावें" असं सांगितलं, तेव्हा कुणीतरी पणजोबांचं पत्र वाचून दाखवतंय असं वाटलं. पुढच्या क्षणी ते वॉचमनवर तमिळमध्ये खेकसले आणि ते मात्र मला व्यवस्थित कळलं.

मामा एकाहत्तर वर्षांचे. रेल्वेच्या सिग्नल आणि टेलिकॉम खात्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली. अरक्कोणम, जोलारपेट, गुडूर असल्या ठिकाणी लोखंडी टॉवरवर चढायचं आणि चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या टॉवरशी अँटेनाची थाळी जुळवायची, हे त्यांचं काम. थाळी केसभर हलली तरी दोन स्टेशनांमधलं बोलणं बंद. त्या कामानं त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक दुर्बीण आणि एक नियम. नियम असा, की लाइन बिघडली की आधी आपलं टोक तपासायचं. आपलं टोक पूर्ण निर्दोष ठरेपर्यंत पलीकडच्या माणसाला फोनसुद्धा करायचा नाही. हा नियम ऐकायला छान वाटतो. त्याच्यासोबत चार रविवार काढून पाहा.

आता अक्का. मामांच्या थोरल्या बहिणीचं नाव जयवंती, वय शहात्तर. आमच्यापासून सहाशे मीटरवर एका जुन्या तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. अक्कांचं सोवळं कडक. पहाटे उठून आंघोळ, मग सोवळ्याचं नऊवारी लुगडं नेसून पूजा आणि नैवेद्याचा स्वयंपाक. ते आटपेपर्यंत, म्हणजे सकाळी साडेनऊपर्यंत, घरात कुणी पाऊल टाकायचं नाही. भांडीवाली तुळसीसुद्धा दहाला येते. दूधवाला पिशवी दाराच्या कडीला अडकवून जातो.

ऑक्टोबरात एके दिवशी अक्का सकाळी सव्वासहाला स्वयंपाकघरात घसरून पडल्या. दहाला तुळसी आली, तिनं हाका मारल्या, मग धावत मामांकडे आली. मामांनी त्यांच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. अक्का पावणेचार तास ओल्या फरशीवर पडून होत्या. हाड मोडलं नव्हतं, हे नशीब.

त्यांचा मुलगा विजयकुमार टोरोंटोला असतो. तो पंधरा दिवस येऊन राहिला आणि जाताना त्यानं कोइंबतूरजवळच्या एका वृद्धाश्रमात आईसाठी खोली धरून ठेवली. चांगली जागा आहे, मी फोटो पाहिले. बाग आहे, डॉक्टर आहे. अक्कांनी फोटो पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. "तिथें दुसऱ्याच्या हातचें जेवायचें आणि मरायचें," एवढंच त्या म्हणाल्या. शेवटी मायलेकांत तह झाला. घरात कॅमेरा बसवायचा. पोंगलपर्यंत तो रोज नीट चालला आणि विजयकुमारला टोरोंटोहून आई दिसत राहिली, तर ती आपल्या घरात राहील. नाही तर कोइंबतूर.

कॅमेऱ्याला इंटरनेट हवं. अक्कांच्या गल्लीत पावसाळी गटाराचं खोदकाम चाललेलं. इंटरनेटची केबल टाकली की तिसऱ्या दिवशी खोदणारे ती तोडत. असं तीनदा झालं. कंपनीचा माणूस दर वेळी 'नाळैक्कु' म्हणजे उद्या येतो म्हणायचा, आणि त्याचा उद्या कधी उजाडला नाही. मोबाइलचं सिग्नल त्या घरात खिडकीत उभं राहिलं तर एक दांडी, आत आलं की तेही नाही. तेव्हा मामांनी मला पहिली हाक मारली.

"माझ्या घरची लाइन चांगली आहे," ते म्हणाले. "तीच तिला देऊं. दोन अँटेना, दोन टोकें. छत्तीस वर्षें दुसरें केलें काय मी?"

मी म्हटलं, "मामा, गटार बुजेल की महिन्यात."

"गटार बुजेल तोंवर पोंगल येईल," ते म्हणाले, आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती.

घरातला साधा राउटर म्हणजे अंगणात सडा घालणं. पाणी चहूकडे उडतं आणि चार हातांवर संपतं. डायरेक्शनल अँटेना म्हणजे पिचकारी. तेवढंच पाणी एकाच बाजूला, लांबवर. फक्त नेम धरावा लागतो, आणि मध्ये काही यायला नको. मामा रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन जुना माल घेऊन आले. आमच्या गच्चीसाठी चाळणीसारखी जाळीची थाळी, अक्कांकडे पाटासारखी चपटी अँटेना. थाळी आम्ही गच्चीवर पाइपला लावली. पाट अक्कांच्या मागच्या व्हरांड्यात आतल्या भिंतीवर, आमच्या गच्चीकडे तोंड करून, पावसात भिजू नये म्हणून. मामा संध्याकाळी गच्चीवरून दुर्बिणीतून तो पाट बघायचे आणि मला फोनवर सांगायचे, "डावीकडे. कोंजम. पुरे, पुरे." मी अक्कांच्या व्हरांड्यात स्टुलावर उभी राहून तो हलवत होते. सिग्नल उणे बहात्तरवर स्थिर झालं; शून्यापासून जितकं लांब तितकं कमकुवत. फार भारी नाही, पण कॅमेऱ्याला चालण्यासारखं.

पहिला दिवस चोवीस तास लाइन अखंड चालली. मामांनी मला मैसूरपाक खाऊ घातला. विजयकुमारनं टोरोंटोहून मेसेज केला, की आई वाती वळताना दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी लाइन गेली. साडेनऊच्या सुमाराला आपोआप आली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. आणि इथले सहा ते साडेनऊ म्हणजे टोरोंटोला रात्रीचे साडेसात ते अकरा. विजयकुमार ऑफिसातून घरी येऊन, जेवून आईला बघायला बसायचा तेव्हाच नेमका पडदा काळा. आईच्या पडण्याची वेळही तीच. त्याचा सूर आठवडाभरात बदलला. "मामा, तुम्ही खूप केलंत," तो म्हणाला. हे वाक्य माणूस कधी बोलतो ते मला माहीत आहे. मी गिऱ्हाइकांकडून रोज ऐकते.

मग मामांचं आपलं टोक सुरू झालं.

पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर. मार्गळी महिना, म्हणजे इथला मार्गशीर्ष, देवळातले कर्णे चालू, हवेत ओल. सहा वाजून चार मिनिटं, उणे बहात्तर. सहा वाजून सहा मिनिटं, उणे नव्वद. लाइन गेली. मामांनी वहीत लाल पेननं वेळ लिहिली. त्यांच्या मते दोष आमच्या पाण्याच्या टाकीचा. सहाला मोटर लागते, टाकी भरते, भरलेली टाकी थाळीच्या तोंडाशी येते. वास्तविक टाकी चार फूट बाजूला होती. तरी पाइप वाढवून थाळी टाकीच्या वर नेली. मी गंजलेली शिडी धरून उभी होते. सोमवारी सहा वाजून पाच मिनिटांनी लाइन गेली.

दुसऱ्या रविवारी दोष लोकांच्या वायफायचा. सकाळी सगळे उठतात, मोबाइल हातात घेतात. म्हटलं, लोक साडेनऊला मोबाइल खाली ठेवतात का? मामांनी ऐकलं नाही. आम्ही सगळे चॅनेल पालटून पाहिले. तिसऱ्या रविवारी त्यांना गर्दीच्या वेळच्या लोकल गाड्यांचा संशय आला. रेल्वेतला माणूस शेवटी रेल्वेवरच जाणार. ते मांबलम स्टेशनच्या पुलावर उभे राहून प्रत्येक गाडीची वेळ टिपून आले. गाड्यांचा आणि लाइनीचा काही संबंध निघाला नाही. त्याचं त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं.

मी प्रत्येक वेळी एकच सांगत होते. सकाळी सहाला अक्कांच्या घरी जाऊ. तिथं काय होतं ते पाहू. माझ्या कामात पहिला नियम हाच, की बिघाड होत असताना तिथं हजर राहायचं.

"सकाळीं तिथें जातां येत नाहीं," मामा म्हणायचे.

"दारातून बघते."

"दारहि उघडत नाहीं ती."

"मग तुमची दुर्बीण कशाला आहे?"

दुर्बीण रोज संध्याकाळी निघायची, पाट जागेवर आहे ना ते बघायचं, आणि कपाटात जायची. चौथ्या रविवारी मी त्यांना तोंडावर म्हटलं, की तुमच्या या नियमापायी अक्का कोइंबतूरला जाणार आहेत. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला असं बोलू नये, मला कळतं. मामा वही मिटून खाली गेले. मला घरी येऊन रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

भोगीला मला सुट्टी होती. पोंगलला एक दिवस राहिलेला. पहाटे गल्लीत लोक इथल्या भोगीच्या रिवाजाप्रमाणे जुन्या चटया जाळत होते, धूर वर येत होता. मामांनी हाक मारली नव्हती, तरी मी गच्चीवर गेले. मामा खाली वॉचमनला टायर जाळू नकोस म्हणून दटावत होते. दुर्बीण खिळ्याला अडकवलेली होती. आदल्या संध्याकाळी आत न्यायची राहिली असावी. सहा वाजून पाच मिनिटं झाली. लाइन गेली. मी दुर्बीण डोळ्याला लावली.

धुरातून व्हरांडा दिसायला वेळ लागला. मग तिथल्या दिव्याच्या उजेडात दिसला. छताखालच्या आडव्या बांबूवर, पाटाच्या बरोबर समोर, एक लालभडक लुगडं चौघडी घालून पसरलेलं. ओलंचिंब. खालच्या काठातून पाणी गळत होतं. म्हणजे नऊ वारांचा पाण्याचा पडदा आणि पाठीमागे आमचा पाट.

मागून मामा आले. "ठेव ती," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका कडक कधी ऐकला नव्हता. "ह्या वेळीं तिकडे पाहूं नये. सोवळ्यांतलें घर आहे तें."

"मामा, लुगडं आहे. ओलं लुगडं वाळत घातलंय समोर."

त्यांनी दुर्बीण माझ्या हातून घेतली. डोळ्याला लावली नाही. केसमध्ये घातली, बटण लावलं. छत्तीस वर्षं चाळीस-चाळीस किलोमीटरवर नेम धरलेला माणूस, आणि महिनाभर सहाशे मीटरवर बघायला लाजला. मला हसावं की शिडीवरून ढकलावं कळेना. सगळं एका नजरेत सुटलं असतं.

तरी मी खूश होते. बिघाड सापडला की माझा राग जातो. पाट दोन फूट वर सरकवायचा, बांबूच्या वर. वीस मिनिटांचं काम. पोंगलच्या सकाळी विजयकुमारला आई दिसेल. मी पाना आणि स्क्रू घेऊन मामांसोबत दहाला अक्कांकडे गेले.

लुगडं तोवर वाळून घडी होऊन फडताळात गेलेलं होतं. रोज जायचं. आम्ही संध्याकाळी जायचो तेव्हा रिकामा बांबू दिसायचा, आणि रिकाम्या बांबूकडे कोण बघतं?

मी अक्कांना सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मला कॉफी दिली आणि म्हणाल्या, "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवशीं मीं धुतलेलें लुगडें स्वयंपाकघरांत वाळत घातलें. तो तुमचा कॅमेरा हिरवा दिवा लावून होता. सकाळभर मजकडे पाहत होता. दुसऱ्या दिवशीं आंत ओल होती म्हणून बाहेर घातलें. तो लाल झाला. मग मीं रोज बाहेरच घातलें."

मामा खुर्चीत बसले होते ते सरळ झाले. "अक्का, महिनाभर मी टाकीपाशीं थाळी हलवतों आहें. तूं सांगितलें नाहींस."

"तूं विचारलेंस कुठें? तूं टाकीकडे गेलास."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही पडलात ती हीच वेळ. याच वेळेसाठी हा सगळा खटाटोप. उद्या परत पडलात आणि कॅमेरा लाल असला तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नव्हत्या. "त्या दिवशीं पडून राहिलें तेव्हां मला मरणाची भीति वाटली नाहीं, मुली. लुगडें पायांतून वर गेलें होतें आणि मला हात पोंचत नव्हता. दार उघडून कोण येईल आणि मला असें पाहील, ही भीति वाटली. पावणेचार तास तीच." मग मामांकडे वळून म्हणाल्या, "दिवसभर पाहूं दे त्याला. लेक आहे. पण आंघोळ करून मी देवापुढें बसतें तेवढा वेळ मला कुणाचे डोळे नकोत. नेतां तर न्या कोइंबतूरला. तिथेंहि नकोत."

मी पाना हातात धरून बसले. मामा व्हरांड्यात गेले, बांबूखाली उभे राहिले आणि बराच वेळ पाटाकडे पाहत राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "सावनी, स्क्रू पिशवींत ठेव."

संध्याकाळी विजयकुमारचा फोन आला. त्याच्याकडे पहाट होती. मामांनी स्पीकर लावला. मला वाटलं आता तरी लुगड्याचं सांगतील, एकदाचं कुणावर तरी खापर फुटेल. मामा म्हणाले, "विजय, लाइनींत दोष सांपडला. दोष माझ्या टोकाला आहे. सहा ते साडेनऊ ती चालायची नाहीं. आज नाहीं, उद्यांहि नाहीं."

"मग मामा, मी कोइंबतूरला कन्फर्म करतो." विजयकुमारचा आवाज थकलेला होता. "मला आनंद होत नाही हे करताना."

"ऐकून घे. त्या वेळांत मी तिच्या दाराबाहेर बसतों. रोज. किल्ली माझ्या खिशांत. आंत जाणार नाहीं, पाहणार नाहीं. पण आवाज येतो. पडली तर मी दार उघडीन आणि आधीं तिच्यावर चादर टाकीन."

"रोज? तुमचे गुडघे..."

"सहाशें मीटर आहे. मी मोजलें आहे."

मी सवयीनं मोबाइलकडे पाहिलं, लाइन गेली की काय. मग विजयकुमार म्हणाला, की खोली तो जूनपर्यंत नुसती धरून ठेवायला सांगेल, जूनपर्यंत बघू.

तेव्हापासून रोज पावणेसहाला वर दार वाजतं आणि जिन्यात मामांच्या चपला वाजतात. मला ऑफिसची बस असते, तीही त्याच रस्त्यानं. एकदा वेळ होता म्हणून मी अक्कांच्या जिन्यात डोकावले. बंद दाराबाहेर मामा घडीच्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर तीच वही. कडीला दुधाची पिशवी लटकत होती. एवढी वर्षं ते बहिणीकडे फक्त रविवारी संध्याकाळी जायचे, ते मला तेव्हा आठवलं.

"दोन फूट वर," मी हळूच म्हटलं. "अजून सांगते. वीस मिनिटांचं काम आहे."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आतून पळीचा आवाज आला, मग बसायचा पाट सरकवल्याचा. मामांनी घड्याळात पाहून वहीत लिहिलं. मी वाकून वाचलं. जिथं आम्ही महिनाभर उणे बहात्तर, उणे नव्वद लिहीत होतो, त्याच रकान्यात, आता निळ्या पेननं. सहा दहा, पाणी. सहा बत्तीस, घंटा. सहा पन्नास, पळी.

तेवढ्यात दाराची कडी आतून एकदा वाजली. दार उघडलं नाही. मामांनी बोटाच्या पेरानं दारावर एकदा टकटक केलं आणि लिहिलं, सहा बावन्न, कडी.

माझी बस चुकली.